सायटिकाला प्रिगॅबालिन : एमआरने दिलेला पेपर वाचायचा कसा?

प्रश्न : कारखान्याजवळची डॉक्टर

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, शेजारी साखर कारखाना. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. "मोळी उचलताना कमरेत कळ आली, आता कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत चमक जाते, पायाला मुंग्या येतात," हे मी दिवसातून चार वेळा ऐकते. हीच सायटिका. गेली तीन वर्षं अशा पेशंटना मी प्रिगॅबालिन ७५ मिलिग्रॅम (शिरेच्या दुखण्यावरचं औषध) आणि मेथिलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्व) यांची एकत्र गोळी देत आले. शीर दबली आहे, शिरेच्या दुखण्याचं औषध आहे, एवढाच माझा विचार.

मागच्या आठवड्यात चाळिशीतली एक बाई गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी ट्रकला लावलेल्या फळीवरून पडली. डोक्यावर मोळी होती, वर चढताना गरगरलं. मनगट मोडलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तिचा हात गेला म्हणजे तो कोयता थांबला आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली. गोळी मी दिली होती. चक्कर येऊ शकते हे सांगितलंही होतं, पण फळीवर चढू नको असं म्हणाले नव्हते, आणि म्हटलं असतं तरी तिला ते परवडलं नसतं.

त्या रात्री एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, या गोळीबद्दल दिलेला पेपर (शोधनिबंध) पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. सायटिकाच्या सगळ्या पेशंटना हीच गोळी दिली, आधी आणि नंतर दुखणं मोजलं, आलेखातले खांब उतरत गेलेत, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी. गोळी न दिलेला दुसरा गट नाही. पी इतकी लहान असताना गोळी लागू पडते असं धरायचं की नाही? आणि एवढ्याशा फायद्यासाठी चक्कर पत्करायची का, हे ठरवायचं कशावरून?

उत्तर १ : भूलतज्ज्ञ, पेन क्लिनिक

डॉक्टर, त्या पीने एवढंच सांगितलं की आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा वेगळा आहे. तो गोळीमुळे वेगळा झाला की दिवस गेल्यामुळे, हे दुसरा गट नसेल तर कळत नाही. सायटिका बऱ्याच जणांची आपोआप उतरते.

तुमच्या प्रश्नाला जवळजवळ नेमकं उत्तर देणारा अभ्यास झालेला आहे. सिडनीचा, २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. २०९ पेशंट, दुखणं एक आठवडा ते एक वर्षाचं. निम्म्यांना प्रिगॅबालिन, रोज १५० मिलिग्रॅमपासून गरजेप्रमाणे ६०० पर्यंत; निम्म्यांना तशीच दिसणारी प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांनी पायाचं दुखणं दहापैकी अनुक्रमे ३.७ आणि ३.१. कमी आकडा प्लॅसिबोचा आहे, पुन्हा वाचा.

आता पी सोडा आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा तो पट्टा, बघा. साधी वजाबाकी ०.६ येते, पण संख्याशास्त्राच्या हिशोबाने दुरुस्त करून काढलेला फरक ०.५, प्लॅसिबोच्या बाजूने. इंटर्व्हल उणे ०.२ ते १.२; उणे म्हणजे प्रिगॅबालिनच्या बाजूने. म्हणजे प्रिगॅबालिनला पूर्ण झुकतं माप दिलं तरी दहापैकी ०.२ चा फायदा. एखाद्या पेशंटने "आता बरंच बरं आहे" म्हणायला साधारण २ अंकांचा किंवा ३० टक्क्यांचा उतार लागतो. हा एकेकट्या माणसाचा निकष आहे, दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाला तो जसाच्या तसा लावू नये, पण ०.२ कुठल्याही मापाने लहानच. "फरक सिद्ध झाला नाही" आणि "कामाचा फरक नाही हे दिसलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे दुसरी आहे. त्रासाच्या नोंदी मात्र प्रिगॅबालिन गटात २२७, प्लॅसिबो गटात १२४, आणि गरगरणं प्रिगॅबालिन गटात जास्त.

उत्तर २ : तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस

मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पण सर, मी ही गोळी देतो आणि माझे पेशंट बरे होतात. ते डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू?

उत्तर ३ : पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवतो

सर, तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, पेशंट बरे होतात. सिडनीत प्लॅसिबोवालेही सुरुवातीला सहाच्या आसपास होते आणि आठ आठवड्यांत तीनवर आले. दुखणं टोकाला गेलं की माणूस आपल्या दारात येतो. तिथून ते बहुतेक वेळा खालीच जाणार.

मॅडम, "शिरेचं दुखणं, म्हणून शिरेचं औषध" ही उडी तपासा. मधुमेहाच्या पायांची आग किंवा नागीण गेल्यावर राहिलेली कळ यांत प्रिगॅबालिनचा उपयोग दिसतो, पण तिथेही जपून. २०१५ च्या लॅन्सेट न्यूरॉलॉजीमधल्या आढाव्यात एनएनटी (एकाला फायदा व्हायला किती जणांना औषध द्यावं लागतं तो आकडा) ७.७ आहे : साधारण आठ जणांना दिली तर प्लॅसिबोच्या वर एकाचं दुखणं निम्म्याने उतरतं.

आणखी एक जागा बघायची सवय लावा : मध्येच किती जण सुटले आणि त्यांचं काय केलं. चक्कर आली म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडणाऱ्याचा शेवटचा कमी आकडा तसाच पुढे ओढला, तर कागदावर तो बरा झालेला दिसतो. घरी तो गोळीविना दुखणं काढत असतो. वेदनेच्या औषधांचे कितीतरी पेपर या एका हिशोबाने फुगलेत.

कारखान्याजवळची डॉक्टर

सर, आत्ताच पेपर उघडून पाहिला. पहिल्या खांबाखालचा एन, म्हणजे पेशंटची संख्या, आणि शेवटच्या खांबाखालचा एन वेगळा आहे. बाकीचे कुठे गेले याबद्दल एक ओळ नाही. तीन वर्षं तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

सध्या माझे अकरा पेशंट या गोळीवर आहेत. उद्यापासून बंद करू?

भूलतज्ज्ञ, पेन क्लिनिक

एकदम तोडू नका. झोप उडते, घाबरल्यासारखं होतं, मळमळतं. निदान आठवडाभरात उतरवत न्या. दोन गोळ्या असतील तर सकाळची आधी काढा, म्हणजे फडात असताना गरगरणार नाही. ज्यांना मधुमेहाची आगही आहे त्यांचा विचार वेगळा, ते पेशंट बाजूला ठेवा. आणि बोलावलंच आहे तर प्रत्येकाला टाचेवर चालायला लावा. पंजा पडत असेल किंवा लघवीची तक्रार असेल, तर त्याच दिवशी पुढे पाठवा.

कारखान्याजवळची डॉक्टर

टोळीला रविवारी सुट्टी असते. कोपीवरच, त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन बघते सगळ्यांना.