प्रति: बाँड संपला का?

जेम्स बाँडच्या सिनेमांबद्दल ‘बाँड आता संपला’ असं वर कुणी लिहिलंय, ते मला काही पटलं नाही. १९८९ नंतर कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं अशीच नव्या बाँडपटाविना गेली होती. मग पिअर्स ब्रॉस्नन नवा बाँड म्हणून आला आणि आम्ही बेळगावात कॉलेज बुडवून कॅम्पातली टॉकीज गाठली. (घरी सांगितलं, लायब्ररीत होतो!)

२०२१ च्या सिनेमात नायकालाच मारलं, तेही एक वेळ चालेल. नवा नट आला की नवा डाव. माझी धास्ती वेगळीच. २०२५ मध्ये बाँडपटांचे निर्माते ब्रोकोली-विल्सन यांनी सिनेमे कसे करायचे याची सूत्रं ॲमेझॉनकडे सोपवली. आमच्या बेळगावची मिठाई, कुंदा, मंद आचेवर आटवावा लागतो हो, सिनेमाचंही तसंच; हे ॲमेझॉनवाले आता ओटीटीसाठी उपकथांचा रतीब घालतील. पुढच्या बाँडपटाला ‘ड्यून’वाला डेनी व्हिल्नव्ह दिग्दर्शक म्हटल्यावर तेवढा जीव भांड्यात पडला.