विषय: पाडवा-नवरोज कार्यक्रम, इराणी गटाला १० मिनिटं?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
यंदा पाडवा १९ मार्चला आणि नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, २० मार्चला, म्हणून शनिवारी २१ तारखेला लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुडच्या इराणी कलागटाबरोबर एकत्र कार्यक्रम करायचं ठरतंय. त्यांच्याकडे संगीत आणि हस्तकला दोन्ही चालतं. तात्पुरता क्रम: ढोल-ताशा, इराणी वादन (१० मि.), नाट्यगीतं, मुलांचे नाच, जेवण. हरकती रविवारपर्यंत कळवाव्यात.

प्रेषक: खजिनदार

सचिवताई, स्पष्टच लिहितो. लोक पाडव्याला नाट्यगीतं ऐकायला आणि श्रीखंड खायला येतात. ते संगीत कळणार कुणाला? १० मिनिटंसुद्धा जास्तच. त्यापेक्षा त्यांच्या वस्तूंचा एक स्टॉल द्या, मोकळे व्हा.

प्रेषक: एक सभासद

काका, १० मिनिटं मलाही पटत नाहीत, पण ती कमी आहेत म्हणून. मी वर्षभर त्यांच्या बैठकींना जातोय. ७ दस्तगाह म्हणजे आपल्या थाटांसारखे मोठे स्वरगट, ५ ‘आवाज’ म्हणजे त्यांचे उपगट आणि त्यांतले गूशे म्हणजे छोट्या छोट्या सुरावटी, हा सगळा ऐवज उस्तादाच्या पुढ्यात बसून पाठ करायचा. त्याला रदीफ म्हणतात. आज शिकवला जातो तो बराचसा मिर्झा अब्दुल्ला (१८४३–१९१८) यांच्या घराण्यातून आलेला. युनेस्कोने २००९ मध्ये त्याची नोंद घेतली. १० मिनिटांत दरामद, म्हणजे सुरुवातीची आलापी, जेमतेम आटोपेल आणि तुम्ही म्हणाल, ‘काहीच झालं नाही.’

आणखी एक, आधीच सांगून ठेवतो. ‘शूर’ हा दस्तगाह लावला तर त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या अधेमधे पडतो. पहिल्या रांगेतून कुणीतरी ‘बेसूर आहे हो’ म्हणणारच. तो स्वर असतोच तिथे. ‘माहूर’ हा दस्तगाह मात्र बिलावल ऐकलेल्या कानाला लगेच जवळचा वाटतो, म्हणून सुरुवात त्याने करा असं मी त्यांना सुचवलंय.

आता व्यवहाराचं. शिवकुमार शर्मांचं संतूर मांडीवर असायचं, यांचं छोट्या टेबलावर. तारा ७२, दोन्ही बाजूंना ९-९ घोड्या (तारा पेलणारे लाकडी टेकू), एका घोडीवर ४ तारा. दस्तगाह बदलला की पुन्हा जुळवणी, शिवाय हॉलमधला एसी आणि दिवे सूर उतरवतात ते वेगळंच. ढोल-ताशा आधी ठेवलात तर त्या गदारोळात माणूस ७२ तारा लावणार कशा?

स्टॉलबद्दल. शिराझचं खातमकाम, म्हणजे तिथलं जडावकाम, विकायला मांडता येईल, तासाभरात शिकवता येणार नाही. लाकूड, हाड आणि पितळेच्या बारीक त्रिकोणी काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची आणि तिच्या आडव्या पातळ चकत्या कापायच्या. चकतीवर चांदणीची नक्षी उमटते ती अशी. मुलांसाठी इस्फहानची कलमकारी छपाई ठेवा. पेअरच्या लाकडाचे ठसे, काळा, लाल, निळा, पिवळा असा प्रत्येक रंगाला वेगळा. हाताला गादी बांधून ठशावर ठोसा हाणायचा असतो, त्यामुळे आपली कार्टी खूश होतील. जुने टेबलक्लॉथ आणा फक्त.

आणि हा गट हौशी आहे असं समजू नका. सप्टेंबर १९७८ मध्ये तेहरानच्या ‘झाले’ नावाच्या चौकात लष्कराने निदर्शकांवर गोळीबार केला, तेव्हा लोत्फी, अलीझादे यांच्यासारख्या वादकांनी रेडिओच्या नोकऱ्या सोडल्या आणि ‘चावोश’ नावाने स्वतःचं केंद्र काढलं. त्यांच्या कॅसेट घरोघर गेल्या. या गटातले बुजुर्ग त्या कॅसेटींवर वाढलेत. त्यांच्यातल्या गायिकेला १९७९च्या क्रांतीनंतरच्या इराणमध्ये पुरुष श्रोत्यांपुढे एकटीने गाता आलं नसतं. तिला आपण ‘वेळ झाली’ची चिठ्ठी पाठवणार?

४५ मिनिटं द्या, एवढंच मागणं.

प्रेषक: खजिनदार

४५ म्हणजे नाट्यगीतांतली दोन गाळावी लागतील. गाळा, पण कुठली ते मी ठरवणार. मानधनाचं काय?

प्रेषक: एक सभासद

ते घेत नाहीत म्हणाले. पण काका, आपण द्यायचं. आपल्या तबलजीला देतो तेवढंच.

प्रेषक: सचिव

ठीक. संतूर जुळवायला तासभर आधी हॉल उघडते, ४५ मिनिटं त्यांना, छपाई मागच्या खोलीत. ढोल-ताशा आता शेवटी, पार्किंगमध्ये. पथकप्रमुखांना हे काकांनी सांगावं, माझं ते ऐकत नाहीत.