छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल कॅम्पर?
पुण्यात रोज शाळा-मंडई आणि क्वचित कोकण, एवढ्यासाठी डिझेल कॅम्पर (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊ नका, असं मला कळकळीनं वाटतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) डिझेल गाड्यांत बहुधा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतोच. त्यात साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. चार किलोमीटरांत इंजिनही धड तापत नाही. काजळी जाळण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल मग इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला, थांबू नका! गाडी जागेवर चालू ठेवूनही भागत नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी हायवेवर अर्धा तास सलग चालवणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर, पर्याय कमी असले तरी, पेट्रोलच शोधा.