मोठ्या गोधडीच्या अस्तराला चुण्या
ताई, मशीन मारल्यावर मागून चुण्या येतात म्हणता, तर आधी कच्चे टाके, म्हणजे मशीनआधी तिन्ही थर तात्पुरते धरून ठेवणारे टाके, बघा. अस्तर चारी बाजूंनी ४ इंच जास्त घ्या, इस्त्री करून उलटी बाजू वर ठेवा आणि वसरीच्या फरशीवर कागदी चिकटपट्टीने सपाट बसवा. ओढून लांबवू नका. पट्टी काढली की ते आखडतं, तिथेच चुणी. वर कापसाचा थर, मग दर्शनी कापड, दोन्ही मधून कडेकडे हाताने सारत. टाकेही मधूनच सुरू करा, तळहाताएवढ्या अंतराने. टाक्यांऐवजी पिना सोप्या खऱ्या, पण आपल्या गोव्याच्या पावसात साध्या पिना गंजून डाग पाडतात. चतुर्थीच्या गडबडीत काम अर्धवट राहणार असेल तर दोराच बरा. मशीनला वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा पाय) असेल तर लावाच.