ऊसतोड कामगारांची एचआयव्ही तपासणी: नावं लिहावीत का?

गेवराईचा गडी
ऊसतोडीच्या फडावर एचआयव्हीची मोजणी जरूर करा, पण नावं लिहू नका. आमची माणसं दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूर, कर्नाटकाकडं जातात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. दोन हंगामांमागं आमच्या कोप्यांवर, म्हणजे फडावरच्या झोपड्यांवर, तपासणीचं शिबिर झालं. यादी टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीतनं उतरवली, निकालही त्याच्यासमोरच वाचले. एका नवरा-बायकोच्या जोडीचा निकाल चार दिवसांत फडभर झाला. पुढच्या साली त्या जोडीला कुणी उचल, म्हणजे कामाची आगाऊ रक्कम, दिली नाही. आता शिबिराची गाडी दिसली की बाया उसात शिरतात. अशानं आकडा खरा कुठनं येणार?

केजची आशाताई
दादा, वाईटच झालं ते. पण बिननावाची मोजणीही बघा. 1998 पासून देशभर पाहणी होते. गरोदर बाईचं दुसऱ्या तपासणीसाठी काढलेलं रक्त नाव काढून एचआयव्हीसाठी तपासायचे, एका केंद्रावर 400 नमुने. सरकारला आकडा मिळाला, पण त्या तपासणीतून त्या बाईला काहीच कळत नव्हतं. 2004 पासून औषधं मोफत आहेत. वेळेत सुरू केली तर बाळाची लागण बहुतेक वेळा टळते. नावच नसेल तर तिच्या दारात मी जाऊ कशी?

परभणीकर
ताईंशी सहमत. शिवाय एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, सप्टेंबर 2018 पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल फोडायचा नाही.

गेवराईचा गडी
कायदा मुकादमाला कोण सांगणार? ज्याची पन्नास हजार उचल अंगावर आहे, तो त्याच्यासमोर 'नको' म्हणेल? ती संमती म्हणायची का?

केजची आशाताई
हे मात्र खरं. मग मुकादमाला बाजूला ठेवा. बाईला एकटीला कोपीत बसवून विचारा, निकाल तिलाच सांगा. औषधाचं कार्ड तिच्याकडं राहू द्या, म्हणजे कारखान्यावर असो की गावी, औषध तुटणार नाही. नाव फक्त दवाखान्यात.

गेवराईचा गडी
दवाखान्यात ठेवा. पण फडावर आणायच्या कागदावर नुसता नंबर हवा, आणि ती गाडी मुकादमाच्या अंगणात उभी करू नका. एवढं केलंत तर आमच्या वस्तीवरच्या बायांशी मी स्वतः बोलतो.

परभणीकर
नंबरावर पत्ता कसा शोधणार, दादा? हंगाम संपला की टोळी फुटते.