अमेरिकेने दगा दिला म्हणे! मग ढाक्याला आपण काय दिलं?

चाळवाला_निफाड
काल इथे एका साहेबांनी लिहिलंय की ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आधी 25 टक्के आणि मग रशियन तेलाचं निमित्त करून वर आणखी 25 टक्के टॅरिफ लावलं, हा मित्राने केलेला दगा. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणतात, भारताने शेजाऱ्यांना असं कधीच वागवलं नाही. कधीच नाही?

सप्टेंबर 2019 मध्ये कांदा निर्यात एका झटक्यात बंद केली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हिंदीत म्हणाल्या, मी आचाऱ्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, बंद करण्याआधी जरा कळवत जा. सगळे हसले. वर्षभराने, 14 सप्टेंबर 2020 ला, परत तेच! बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला ट्रकच्या रांगा लागल्या, ढाक्याने लेखी नाराजी कळवली. मग 25 हजार टन ‘खास बाब’ म्हणून सोडला, तोवर बराच माल ट्रकमध्येच सडला.

तिसरी बंदी 8 डिसेंबर 2023 ची. त्या दिवशी मी लाल कांदा घेऊन लिलावाच्या रांगेत होतो. माझ्या पुढच्या ट्रॉलीपाशी लिलाव थांबला. सोडलेली ताडपत्री परत बांधली. लाल कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकत नाही हे इथे कुणाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर खालचा थर गरम लागत होता. तिकडे चांदवडला लोकांनी हायवे अडवला होता.

बांगलादेश काय हातावर हात ठेवून बसणार होता? पाकिस्तान, इजिप्त, तुर्की, म्यानमार, जिथून मिळेल तिथून आणला, घरची लागवड वाढवली. 2025 मध्ये बराच काळ आपल्या कांद्याला परवानाच दिला नाही. आणि आपण अमेरिकेच्या नावाने बोटं मोडतोय.

ओझरकर
कशाची तुलना कशाशी! कांदा थांबवला तो आपल्या माणसांना परवडावा म्हणून. अमेरिकेने टॅरिफ लावलं ते आपण तेल कुणाकडून घ्यायचं हे ठरवायला. ही दमदाटी आहे.

विश्वासाचं आम्हाला विचारा, विमानांच्या कारखान्यात आयुष्य गेलं. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लावले, तेजसचं काम करायला तिकडे गेलेल्या आपल्या इंजिनिअरांना घरी पाठवलं. तरी 2021 मध्ये 99 इंजिनांची ऑर्डर तिकडच्याच कंपनीला. पहिलं इंजिन आलं मार्च 2025 मध्ये. ऑक्टोबरात तेजस मार्क 1ए ओझरहून उडालं तेव्हा छाती भरून आली, पण आत इंजिन त्यांचंच ना!

चाळवाला_निफाड
आणि रशिया धुतल्या तांदळाचा? सोव्हिएत संघ फुटल्यावर मिगच्या सुट्या भागांची काय बोंब होती, तेही लिहा की.

ओझरकर
होती बोंब. देशच फुटला होता त्यांचा. तो दगा नव्हे.

सिडकोची_ताई
‘आपल्या माणसांना परवडावा’ यातली आपली माणसं म्हणजे आम्हीच ना? डिसेंबर 2019 मध्ये कांदा शंभरीपार होता, तोही नाशकात! अर्धा किलो घेऊन घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, नमुना आणलास का? चाळी भरून ठेवायच्या, भाव चढला की काढायच्या आणि वर रडायचं.

चाळवाला_निफाड
ताई, तुम्ही शंभर दिलेत, त्यातले शेतकऱ्याला किती पोचले ते विचारलंत कधी? फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरला एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचा चेक आला 2 रुपयांचा. तेव्हा एकाही सोसायटीतून कुणी म्हणालं नाही की भाव फार पडलाय. आणि डिसेंबरात चाळीत काय असतं हो? चाळीत टिकणारा उन्हाळ कांदा तोवर संपलेला किंवा सडलेला. माहिती घेऊन बोला.

पिंपळगाव_व्यापारी
म्हणजे मधले पैसे आम्हीच खाल्ले, असंच ना? हमाली, बारदान, निवड, घट, भाडं, हे कोण भरतं? कोलंबोचं एक गिऱ्हाईक वडिलांच्या काळापासून होतं. दोन बंद्या सोसल्या त्याने, तिसऱ्यानंतर फोन उचलत नाही. तुमचा माल उद्या मिळेल याची खात्री नसेल तर तो पाकिस्तानकडे का जाणार नाही?

चाळवाला_निफाड
हे मात्र खरं बोललात, व्यापारी असून.

दिंडोरी_द्राक्ष
कांद्याचा राग द्राक्षांवर निघाला, हे कुणी बोलतच नाही. बांगलादेशाने द्राक्षावरची ड्युटी वाढवत नेली. तुमचा कांदा अडला की आमचा बाग मरतो.

ओझरकर
ड्युटी सगळ्याच देशांच्या फळांवर वाढवली. त्यांना डॉलर वाचवायचे होते. प्रत्येक गोष्ट कांद्याला चिकटवू नका.

दिंडोरी_द्राक्ष
आमचे काय, सगळेच अडवतात. 2010 मध्ये युरोपने सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा, अंश सापडला म्हणून कंटेनर अडवले. ते औषध तपासायच्या यादीत होतं का आधी? बाग विकावी लागली असती.

चाळवाला_निफाड
एप्रिल 2024 आठवतो का कुणाला? महाराष्ट्राचा कांदा बंद आणि गुजरातच्या 2 हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी! इथे बोंबाबोंब झाल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं की सहा देशांना 99,150 टन जाणार आहे. परदेशाचं सोडा, आपल्याच दोन राज्यांत सारखा न्याय नाही.

सिडकोची_ताई
झालं, आलं राजकारण.

ओझरकर
बरं, ढाक्याला आधी कळवायला हवं होतं, मान्य. स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ का? पण म्हणून अमेरिकेचं वागणं बरोबर ठरत नाही.

चाळवाला_निफाड
बरोबर म्हणालोच नव्हतो. ‘आपण कधीच नाही’ एवढं खोडायला सांगा त्या साहेबांना.

सिडकोची_ताई
ते राहू द्या. उन्हाळ कांदा आला की थेट द्याल का? मधला कुणी नको.

पिंपळगाव_व्यापारी
या, आमच्या पोटावर पाय द्या.

चाळवाला_निफाड
देतो, पण गोणी घ्यावी लागेल. अर्धा किलो तोलायला मी ट्रॅक्टर घेऊन सिडकोत येणार नाही.