दारूवर पावडर घेतली की चढलेली उतरते काय?

जांबोटी_रोड:
मंडळी, आमच्या ग्रुपातली दोघं-तिघं गोव्याला गेली की दारूत एनर्जी ड्रिंक घालून पितात, आता एकाला कुणीतरी पावडर पण दाखवलीय, म्हणतोय एक ओढली की सगळी उतरते आणि मग रात्रीच चोर्ला घाटातनं गाडी हाणत बेळगावला येवालेत. मी बोललो तर तू पीत नाहीस तुला काय कळतंय म्हणतात. खरंच उतरते काय?

औषधवाला_टिळकवाडी:
उतरत नाही मर्दा, उतरल्यासारखी वाटते. झोप नि जडपणा तेवढा जातो, रक्तातली दारू हाय तेवढीच, लिव्हर आपल्या गतीनंच काढणार. म्हणूनच माणूस अजून दोन पेग मारतो जे एरवी त्याला झेपलेच नसते. दारूतच कॅफिन घालून विकणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या एफडीएनं २०१० ला नोटिसा दिल्या त्या ह्याच्यासाठीच. आणि पावडर कोकेन असेल तर दारूसोबत लिव्हरमध्ये कोकाएथिलीन म्हणून तिसरंच काहीतरी तयार होतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ अंगात राहतं आणि हार्टला जास्त त्रास देतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन असेल तर हे होत नाही, पण ठोके नि बीपी वाढायचं ते वाढतंच. आणि पुडीत खरं काय हाय ते विकणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतंय.

नाईट_ड्युटी:
अजून एक, पावडरचा जोर बऱ्याचदा दारूच्या आधी ओसरतो. मग आतली सगळी दारू एकदम दिसते, पोरगं आडवं होतं आणि बाकीचे म्हणतात झोपलाय, सोडा. घोरल्यागत खरखर आवाज येवालाय, श्वास थांबून थांबून येतोय, ओठ निळसर पडलेत, तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन. डॉक्टरला काय काय घेतलं ते खरं सांगा, तिथं पोलिसांची भीती घालून घेऊ नका.

खानापूरकर:
उतरली म्हणतोय तर त्याला ब्रेथ अ‍ॅनलायझरात फुंकायला सांगा की. त्या मशीनला पावडर कळत नाही, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की केस. पावसाळ्यात त्याच चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीकडं धुक्यात बोनेट पण दिसत नाही, तिथं ह्यांची 'उतरलेली' गाडी!

जांबोटी_रोड:
त्यातला एकटा गेल्या वेळी छातीत धडधडतंय म्हणत होता, अ‍ॅसिडिटीची गोळी खाऊन झोपला.

नाईट_ड्युटी:
उद्याच नेऊन ईसीजी काढून आणा त्याचा. आत्ता धडधडत असेल किंवा छातीत दुखत असेल तर उद्याची वाट बघू नका.